दगडी चर्चची दुरुस्ती आणि सातासमुद्रापलीकडची मंडळी : बांधकाम समितीच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

उपासनेनंतर मंडळीची सभा. विषय एकच, छप्पर. जुलैच्या पावसात व्यासपीठाच्या डाव्या अंगाला धार लागली. तेव्हापासून पाळकसाहेब बायबल प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढतात आणि वाचून झालं की परत पिशवीत ठेवतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल आहे, पोपडे बाकांवर पडतात. बांधकाम समिती नेमली : पाळकसाहेब, खजिनदार काका, महिला मंडळातर्फे दोघी, तरुण संघाचा एक मुलगा. नोंदी मी ठेवायच्या.

सभेत मॅसॅच्युसेट्सहून आलेलं पत्र वाचून दाखवलं. आमच्या नेवासे तालुक्यातलं काम ज्या अमेरिकन मराठी मिशनने उभं केलं, त्याला पैसे पुरवणाऱ्या काँग्रिगेशनल, म्हणजे आपला कारभार आपणच पाहणाऱ्या पंथाच्या, मंडळ्यांपैकी ही एक. त्यांच्या जुन्या कागदांत आमच्या गावाचं नाव सापडलं आणि पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. छप्पर गळतंय हे त्यांना कळलंय. मदत करायची त्यांची मनापासून इच्छा आहे.

सभेत टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "पैसे येतील ते येतील. आपण किती घालणार ते आधी बोला." त्यावर चर्चा पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

१६ ऑगस्ट

पुण्याहून एक इंजिनिअर आले. जुन्या इमारतींचं, चुन्याचं काम जाणणारे. दुपारभर भिंतीवर बोटांनी ठोकत फिरले.

भिंत काळ्या दगडाची, दोन फूट जाड, जोडकाम चुन्याचं. मधल्या काळात कधीतरी बाहेरच्या, दगडांच्या सांध्यांतल्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या आणि आतून सिमेंटचं प्लास्टर झालं. ज्यांनी केलं त्यांनी चर्चच्या प्रेमापोटीच केलं. पण चुन्याची भिंत पाणी घेते तशी सोडतेही. सिमेंटने तिची सोडायची वाट बंद झाली. पाणी आत कोंडलं, त्याबरोबर क्षार वर आले आणि पोपडे सुटू लागले. वरून कितीही रंग दिला तरी दोन पावसाळ्यांत तोच प्रकार होणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्या सागवानी आहेत. व्यासपीठावरच्या कैचीचं टोक जिथे भिंतीत बसतं तिथे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून लाकूड अगदी ठणठणीत दिसत होतं. बाकीच्या कैच्या चांगल्या आहेत.

अंदाजपत्रक साडेचौदा लाखांच्या आसपास. पाडून आरसीसीचं नवं बांधा, असा सल्ला गावात काही जण देतायत. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "ही भिंत अजून शंभर वर्षं उभी राहील. तिला फक्त मोकळं करा."

१ सप्टेंबर, रविवार

मॅसॅच्युसेट्सच्या पत्रातले मुद्दे समितीने बसून नीट वाचले. पहिला : सगळा खर्च तेच उचलू शकतील. दुसरा : उन्हाळ्यात त्यांच्याकडचे आठ-दहा जण दोन आठवडे येऊन स्वतःच्या हातांनी काम करतील. तिसरा : देणाऱ्यांच्या नावांची एक छोटी पाटी दाराजवळ असावी.

पत्राचा सूर अतिशय प्रेमळ आहे. एका ओळीत त्यांनी लिहिलंय की त्यांची रविवारची शाळा मुलं नसल्यामुळे बंद पडली, उपासनेला येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. अशा अवस्थेत ते आपल्या छपराची काळजी करतायत. महिला मंडळाच्या बाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

तरीही पहिल्या मुद्द्यावर माझं मन घेत नाही. सगळं छप्पर दुसऱ्याच्या पैशांनी झालं, तर पुढच्या वेळी कौल फुटलं की आपली नजर आढ्याकडे जायच्या आधी पोस्टमनकडे जाईल. पाळकसाहेबांनाही तसंच वाटतं. ते म्हणाले, हा प्रश्न फार जुना आहे. १९७१ साली पूर्व आफ्रिकेच्या प्रेसबिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी अमेरिकेत जाऊन सांगितलं होतं की काही काळ तुमचे मिशनरी आणि तुमचा पैसा थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. त्यावर जगभर वाद झाला. इतकं टोक आपल्याला गाठायचं नाही, पण प्रश्न टाळायचाही नाही.

३ सप्टेंबर

खजिनदार काका आणि मी नगरला चार्टर्ड अकाउंटंटकडे. इथे सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या मंडळ्यांनाही उपयोगी पडेल.

परदेशी पैसा परदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली येतो. मूळ कायदा २०१०चा, त्यात २०२० साली मोठे बदल झाले. नोंदणी असलेल्या संस्थेलाच तो घेता येतो. नोंदणी नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी काढावी लागते. पैसा पहिल्यांदा उतरतो तो दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात, तिथून पुढे वापराच्या खात्यात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच निघाली. २०२० पासून एका नोंदणीकृत संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, मग ती दुसरी संस्था नोंदणीकृत का असेना. पूर्वी मोठ्या संस्थेच्या खात्यात रक्कम यायची आणि गावोगावच्या मंडळ्यांना वाटली जायची. ती वाट बंद. आता ज्या संस्थेकडे नोंदणी, तिनेच काम करायचं, तिनेच ठेकेदाराला पैसे द्यायचे, मालमत्ताही तिच्याच नावावर. आमच्या मंडळीकडे नोंदणी नाही.

मी विचारलं, परदेशी पाहुण्याने उपासनेत अर्पणाच्या थाळीत रुपयांची नोट टाकली तर? उत्तर : देणारा परदेशी नागरिक असेल तर रुपयांत दिलेलंही परदेशी अंशदानच.

मग मस्कतला नोकरी करणारा आमच्या मंडळीतला मुलगा? त्याचा पासपोर्ट भारतीय. त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेलं परदेशी धरत नाहीत. न्यू जर्सीतली आमच्या गावची लेक? तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. तिचं धरतात.

परतीच्या एसटीत काका बराच वेळ गप्प होते. ती लेक म्हणजे त्यांची सख्खी पुतणी.

१५ सप्टेंबर, रविवार

गेले काही दिवस मिशनचा इतिहास वाचतेय. त्यांना उत्तर लिहायच्या आधी आपलं नातं काय आहे हे आपल्याला ठाऊक हवं.

सुरुवात त्यांच्याच राज्यात झाली. १८०६च्या ऑगस्टमध्ये विल्यम्सटाउनला कॉलेजची काही मुलं वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबली आणि तिथे त्यांनी परदेशात सुवार्ता नेण्याची प्रार्थना केली. त्यातून १८१० साली परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं, आपलं अमेरिकन मराठी मिशन त्याचंच. १८१२च्या फेब्रुवारीत सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पहिल्या पाच जणांना दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्ज-विनंत्या करून दोघे कसेबसे टिकले. हॉल १८२६ साली पटकीने गेले. १८३१च्या अखेरीस मिशनचं नगरचं ठाणं सुरू झालं.

सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, अविवाहित, शिक्षिका. १८३९ मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत. मी चाळीस मुलींच्या वर्गासमोर उभी राहिलेली बाई आहे. फरारबाईंचं नाव वाचताना मला बोर्डाच्या हिशेबवह्या आठवत नाहीत, त्या बाई दिसतात. दूरच्या मंडळ्यांनी पाठवलेल्या पैशांचं सर्वांत चांगलं काय झालं, असं कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

पैशाचा प्रश्न तेव्हाही होता. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानातली ठाणी पाहायला स्वतः आले. गावोगावच्या मंडळ्यांना त्यांच्याच लोकांतले पाळक असावेत, मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि सुवार्ता आपणच पुढे न्यावी, हा त्यांचा आग्रह. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेच मांडत होते. म्हणजे पैसा देणाऱ्यांचाच प्रमुख सांगत होता की आमच्या पैशावर विसंबू नका. इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरायला लावण्याचं त्यांचं धोरण मला पटत नाही. ज्यांना गावच्या चावडीवर चढायची बंदी होती त्यांच्या मुलांना इंग्रजी मिळणं ही चैन नव्हती. पण बाकी बाबतीत माणूस दूरचं पाहणारा होता.

आणि आपले रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, पुढची कितीतरी वर्षं ते नगरला मिशनमध्ये होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा समाज सुरू केला. भांडून नाही गेले. ख्रिस्त आपल्या लोकांना आपल्या सुरात भेटावा यासाठी स्वतःला मोकळं केलं. १९१९ साली ते गेले, म्हणजे त्या मोकळेपणाची जेमतेम दोन वर्षं त्यांना मिळाली.

आमच्या पंचकमिटीच्या जुन्या वहीत चर्च बांधतानाच्या काही नोंदी आहेत. बॉस्टनहून बोर्डाने पाठवलेल्या पैशांतून सागवान आणि कौलं आली. दगड, गाड्या आणि मजुरी गावची. आमचे पणजोबा-खापरपणजोबा महारवाड्यातले, मांगवाड्यातले. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि अंधार पडल्यावर कंदील लावून दगड वाहायचे. त्या वहीत 'फुकट मजुरी' अशा रकान्यापुढे नावांची रांग आहे आणि पुष्कळ नावांपुढे अंगठा.

२९ सप्टेंबर, रविवार

मंडळीची सभा, दोन तास चालली. ठराव :

चर्चचं छप्पर, भिंती आणि फरशी मंडळी स्वतःच्या पैशांतून करेल. पैसे कमी पडले तर काम टप्प्याटप्प्याने होईल, आधी छप्पर.

मॅसॅच्युसेट्सच्या मंडळीला कळवायचं की त्यांची देणगी नगरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी आणि न्हाणीघरांसाठी द्यावी. ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी आहे, त्यामुळे पैसा सरळ तिथे जाईल. आमच्या तालुक्यातल्या मुली तिथेच राहून शिकतात. गरज इथल्यापेक्षा तिथे मोठी आहे, हेही पत्रात लिहायचं.

पाटी नको. त्यांच्या मंडळीसाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाव घेऊन प्रार्थना करायची.

दहा जणांनी येण्याबद्दल मतं वेगळाली होती. तरुण संघाला ते यायला हवे होते. मला वाटतं, दहा विमानतिकिटांच्या पैशात इथल्या गवंड्यांचा सगळा हंगाम निघतो, आणि चुन्याचं काम शिकलेला हात दोन आठवड्यांत तयार होत नाही. शेवटी असं ठरलं की दोघा-तिघांनी पाहुणे म्हणून यावं, घरांत राहावं, उपासनेला बसावं, वसतिगृह पाहावं. टूरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचाराचं काम करता येत नाही, त्याला मिशनरी व्हिसा लागतो, हेही त्यांना आधीच स्पष्ट सांगायचं.

ठरावाविरुद्ध तीन हात. विरोध करणाऱ्यांचंही खोटं नव्हतं : यंदा कांद्याने काहींना हात दिला, सगळ्यांना नाही.

१० ऑक्टोबर

चुना आला. कळीचा, पांढरे शुभ्र खडे. चर्चच्या मागे खड्ड्याला वीट लावून हौद केला. पाणी आधी, मग चुना थोडा थोडा. टाकला की पाणी उकळायला लागतं, वाफ दाराच्या उंचीपर्यंत चढते. सगळ्यांना चष्मे आणि हातमोजे सक्तीचे, पोरांना लांब ठेवलं. विरलेला चुना चाळणीतून गाळून दुसऱ्या हौदात, वर चार बोटं पाणी ठेवायचं, कोरडा पडू द्यायचा नाही. भिंतीचं काम जानेवारीत, तोवर तो मुरेल.

गवंडीमामा पैठणकडचे. त्यांचे वडील वाड्यांची कामं करायचे. हौदातल्या चुन्यावर हात ठेवल्यासारखं करून ते म्हणाले, "बाई, ह्याला घाई चालत न्हाई. सिमेंट नोकरदार हाय, चुना शेतकरी."

१३ ऑक्टोबर, रविवार

महिला मंडळाने मूठ धान्य सुरू केलं. कल्पना मिझोरामची. तिथल्या बाया १९१०च्या सुमारापासून भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. त्यावर आज शेकडो मिशनरी पोसले जातात. वेल्सच्या मिशनऱ्यांनी जिथे सुवार्ता नेली, त्या डोंगरांतून आता मिझो सेवक उलट वेल्सला गेलेत. आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारी किंवा बाजरी डब्यात. रविवारी चर्चच्या ओसरीवर माप, महिन्याला बाजारात विक्री.

पहिल्याच रविवारी सर्वांत भरलेला डबा आणला तो एका अशा आजींनी, ज्यांच्या घरी रेशनच्या धान्यावर महिना निघतो. खजिनदार काकांनी निम्मं परत घ्या म्हटलं. आजींनी डबा उपडा केला आणि रिकामा घेऊन गेल्या.

५ नोव्हेंबर

दिवाळी संपली, मजूर मिळाले. कौलं उतरवायला सुरुवात. मंगलोरी कौलं, बरीचशी धड आहेत. धुऊन, ठोकून आवाज घेतला जातो. खणखणीत वाजलं की चांगलं, बद्द वाजलं की बाजूला.

दुपारी तरुण संघाच्या मुलाने एक कौल उलटं करून दाखवलं. पाठीवर उमटलेली अक्षरं : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. ते साल कौलाचं नाही, कारखान्याचं. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. धर्मांतर केल्यामुळे जातीचा धंदा आणि घरदार गमावलेल्या लोकांना काम हवं होतं, म्हणून विणकाम आणि कौलं. मंगलोरी कौल हे नावच त्या कारखान्यांमुळे देशभर गेलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्या मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले.

मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. बासेलने प्रार्थनेची घरं बांधलीच, पण लोकांच्या हाताला जे काम दिलं ते मिशन गेल्यावरही टिकलं. बांधकामासाठी परदेशातून मदत मागणाऱ्या प्रत्येक मंडळीने हे पाहावं : पैसा संपल्यावर गावात कोणता हुन्नर मागे राहतो? आमच्या तरुण संघाच्या दोघांनी गवंडीमामांकडे चुन्याचं काम शिकायचं असं आजच ठरवलं. मजुरी त्यांना मिळेल, शिकाऊ म्हणून अर्धी नाही, पूर्ण.

ते कौल वेगळं ठेवलं नाही. ते धड होतं, छपरावरच परत जाईल.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. काम बंद. कैचीचं नवं टोक सुताराने तयार करून ठेवलंय. जुन्या सागवानाला तिरकस खाच आणि नवा तुकडा, लाकडी खिळ्यांनी आणि पोलादी पट्टीने बांधलेला.

२४ नोव्हेंबर, रविवार

उपकारस्तुतीचा सण. गेल्या वर्षीपेक्षा गर्दी जास्त. कणसं, कांदे, ऊस, कोंबड्या, घरच्या शेवया, एक बोकड. उपासनेनंतर लिलाव. एका वांग्याच्या टोपलीवर मंडळीतले दोन भाऊ, ज्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे, एकमेकांवर चढत गेले आणि टोपली चार हजारांना गेली. धाकट्याने ती घेतली आणि थोरल्याच्या दारात नेऊन ठेवली. हे मी लिहू नये असं थोरल्या वहिनी म्हणाल्या, मी लिहिणार म्हटलं.

पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या लोकांनीही बँकेत टाकलेत. मस्कतच्या मुलाची रक्कम आली, बँकेचा दाखला फाईलला लावला. छपरापुरते पैसे झाले.

८ डिसेंबर, रविवार

मॅसॅच्युसेट्सच्या मंडळीशी व्हिडिओ कॉल. आपल्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळची उपासना व्हायची होती. मला धाकधूक होती की आमच्या ठरावाने ते दुखावले असतील. त्यांच्या पाळकबाईंनी सुरुवातच अशी केली की तुमचं पत्र आम्ही उपासनेत पूर्ण वाचलं. आम्ही छप्पर देऊ करत होतो आणि तुम्ही आम्हाला मुली दाखवल्यात, असं त्या म्हणाल्या. वसतिगृहासाठीचा ठराव त्यांच्या सभेत एकमताने झाला.

मग त्यांनी आमच्याकडे मागितलं. त्यांच्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, गाणारं कुणी उरलेलं नाही. तुमची गाणी पाठवाल का? आमच्या भजनी मंडळाने तिथल्या तिथे पेटी ओढली, टाळ आणि मृदंग आला, आणि टिळकांची भजनं सुरू झाली. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ, ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेले, बाकाच्या दांड्यावर ठेका धरून होते. दर पंधरा दिवसांनी एक भजन चित्रित करून, अर्थ सांगून पाठवायचं ठरलं. तरुण संघाने ही जबाबदारी घेतली.

भागीदारी हा शब्द चर्चच्या परिषदांमध्ये खूप वर्षं वापरला जातोय. १९४७ साली कॅनडात व्हिटबीला मिशनरी परिषदेने 'आज्ञापालनातली भागीदारी' असं म्हटलं, तेव्हापासून तर सगळीकडेच. पण देणारा कायम एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे असला, तर कागदावर काहीही लिहा. आज त्यांना आपल्याकडून काही हवं होतं आणि ते आपल्याकडे होतं. त्यांच्या देणगीइतकंच मी हे मोलाचं धरते.

२३ डिसेंबर

छप्पर पुरं. आढ्यावरची कौलं चुन्यात बसवली.

न्यू जर्सीची लेक नाताळला माहेरी आलीय. काकांनी तिला कायद्याचं समजावलं. तिच्या आईला मात्र पटेना. "माझ्या पोटची पोरगी परकी कधीपासून झाली?" पैसे आईच्या नावावर पाठवून आईने द्यावेत असं कुणीतरी सुचवलं. नातेवाइकाला पैसे पाठवायला मोकळीक आहेच. पण तिथून ते चर्चच्या कामाला वळवणं ही आडवाट, आणि चार्टर्ड अकाउंटंटनी आधीच बजावलंय की आडवाट नको. मंडळीचा हिशेब उजेडात ठेवता आला पाहिजे.

लेकीने ऐकून घेतलं. वसतिगृहाच्या संस्थेच्या दिल्लीच्या खात्यात तिने तिचं अर्पण पाठवलं. मग ओढणी कमरेला खोचून दोन दिवस आतल्या भिंतींचं जुनं सिमेंट खरवडणाऱ्या बायांमध्ये बसली. मजुरीच्या वहीत तिचं नाव 'फुकट' रकान्यात लिहिलं.

१९ जानेवारी २०२५, रविवार

भिंतीचं काम जोरात. छिन्नीने सिमेंटच्या दरजा खोदताना दगडाची कड फुटू द्यायची नाही, म्हणून वेळ लागतो. खोदलेल्या दरजा ब्रशने साफ, पाण्याने ओल्या, मग चुना. मिश्रण एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी. सुरखीसाठी फुटकी कौलं कुटली. पाण्यात गूळ आणि हिरडा भिजत घातलेला असतो, त्याचा वास उपासनेतही येतो. भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं टांगून ठेवतात, दिवसातून तीनदा पाणी.

शिकाऊ दोघांपैकी एकाचा हात छान बसलाय. गवंडीमामांनी त्याला पूर्वेची भिंत एकट्याला दिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मॅसॅच्युसेट्सहून तिघं आले : पाळकबाई, एक निवृत्त नर्स आणि एक तरुण सुतार. सुताराने कैचीचा सांधा खालून दहा मिनिटं पाहिला. आमच्या सुताराशी त्याची भाषा जुळत नव्हती, दोघांनी जमिनीवर खडूने खाचा काढून दाखवल्या.

थाळी फिरली तेव्हा तिघांपुढून ती नुसती पुढे गेली. आधी सांगून ठेवल्यामुळे कुणालाच अवघडलं नाही. पाळकबाईंनी चार वाक्यं मराठीत म्हटली, मुलांनी पाठ करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी नगरला ह्यूम मेमोरियल चर्च आणि वसतिगृह पाहिलं. स्वयंपाकघराचा पाया भरलाय. वॉर्डनबाईंनी त्यांना मुलींच्या ओळीत बसवून भाकरी वाढली.

नर्सबाईंनी मला विचारलं, तुमची मंडळी वाढतेय का? मी खरं ते सांगितलं. गावातली संख्या फार वाढत नाही, मुलं पुण्याला, चाकणला, रांजणगावला जातात. पण तिथे भाड्याच्या खोल्यांमध्ये त्यांच्या मंडळ्या उभ्या राहतायत आणि त्यांचे पाळक आमच्यासारख्या गावांतून गेलेले आहेत. १९७० साली नागपूरला सहा ख्रिस्ती परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्या दिवशी आमचे आजोबा तिथे गेले होते. त्यांना वाटलं होतं वाढ गावांत होईल. ती रस्त्याने निघून गेली आणि एमआयडीसीत जाऊन रुजली.

३० मार्च, रविवार

आर्थिक वर्षअखेर. हिशेब मंडळीपुढे वाचला आणि फलकावर लावला. छप्पर आणि भिंती पूर्ण, कर्ज नाही. फरशी पुढच्या वर्षी. मूठ धान्याच्या पैशांतून आढ्याच्या कौलांचा सगळा खर्च निघाला.

वसतिगृहाचा दुसरा हप्ता संस्थेने ठेकेदाराला परस्पर दिला, पावत्यांच्या प्रती मॅसॅच्युसेट्सला गेल्या. त्यांनी पुढच्या वर्षासाठी काय करावं असं विचारलंय. समितीने उत्तर लिहिलं : आधी न्हाणीघरं पुरी होऊ द्या, मग एकत्र बसून ठरवू. मूठ धान्य चालू ठेवायचं, आणि पुढचं सहा महिन्यांचं धान्य न विकता वसतिगृहाच्या कोठीत द्यायचं, असा ठराव महिला मंडळाने मांडला. एकही हात विरोधात नाही.

पावसाळ्याआधी पश्चिमेच्या पाख्याची पन्हळ बदलायची राहिली आहे. पत्राकामवाले मंगळवारी माप घ्यायला येतायत, त्यांना किल्ली खजिनदार काकांकडून मिळेल.